प्रकल्प नोंदी : ओलोंगापोची ‘ड्युई’ तरंगती गोदी, १९१०

३ जून : काय करायचे आणि का

फिलिपिन्समधल्या सुबिक उपसागरावर ओलोंगापो आहे. स्पॅनिश आरमाराने १८८५ मध्ये इथे आर्सेनल, म्हणजे नौदलाचे शस्त्रागार आणि दुरुस्तीचे ठाणे, बांधायला घेतले. १८९९ अखेरीस अमेरिकन मरीन (नौदलाबरोबरचे सैनिक) इथे उतरले आणि नोव्हेंबर १९०१ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हा परिसर नौदलासाठी राखून ठेवला. या ठाण्याचे १९१० च्या सुरुवातीचे मॉडेल करायचे ठरले आहे.

अशा मॉडेलमध्ये तोफा आणि झेंडे सहज पुढे येतात. इथला दिवस मात्र चार गोष्टींवर ठरायचा: जहाजाच्या तळाला चढणारी वाढ (शेवाळ, शिंपल्यांसारखे प्राणी), कोळसा, पिण्याचे पाणी आणि पाऊस. मॉडेलमध्ये तेच दिसायला हवे, म्हणून मध्यभागी ‘ड्युई’ ही तरंगती सुकी गोदी, म्हणजे जहाजाला पाण्याबाहेर उचलून धरणारी तरंगती पेटी, ठेवली आहे.

तिची गरज १८९८ मध्येच उघड झाली होती. स्पेन-अमेरिका युद्धाच्या तोंडावर अमेरिकन नौदलाचे कमोडोर ड्युई यांचा ताफा ब्रिटिशांच्या हाँगकाँगला होता. त्यातली ‘बाल्टिमोर’ ही युद्धनौका तिथे पोहोचली, घाईने गोदीत घेऊन तिचा तळ साफ करून रंगवला, आणि लगेच ब्रिटिशांनी तटस्थता जाहीर केल्यामुळे सगळ्या ताफ्याला बंदर सोडावे लागले. परक्याच्या गोदीवर विसंबले की ती नेमकी युद्धाच्या वेळी बंद होते. उष्ण समुद्रात तर दर काही महिन्यांनी तळ साफ करावाच लागतो.

प्रमाण १:३५०. गोदीची लांबी ५०० फूट म्हणजे मॉडेलमध्ये ४३५ मिमी. भिंतींमधली मोकळी रुंदी १०० फूट म्हणजे ८७ मिमी. आत ‘डिकेटर’ ही बेनब्रिज वर्गाची डिस्ट्रॉयर (लहान, वेगवान युद्धनौका), लांबी २५० फूट म्हणजे २१८ मिमी. माणूस ५ मिमीचा. बाजूला बराकीतल्या खोलीची वेगळी पेटी, तिचे प्रमाण १:७२.

६ जून : गोदीचा सांगाडा

ड्युई मेरीलँडमधल्या स्पॅरोज पॉइंटला बांधली आणि १० जून १९०५ रोजी पाण्यात सोडली. २८ डिसेंबर १९०५ रोजी ‘ग्लेशियर’, ‘ब्रूटस’, ‘सीझर’ ही जहाजे आणि ‘पोटोमॅक’ हा टग तिला ओढत निघाले. लास पालमास, सुवेझ कालवा, सिंगापूर करत १० जुलै १९०६ रोजी ती ओलोंगापोला लागली. गोदी म्हणजे बिनइंजिनाची उभट लोखंडी पेटी. वाऱ्याचा सगळा जोर तिच्या भिंतींवर यायचा, त्यामुळे वाटेत ओढदोर तुटण्याचे प्रकार झाले.

गोदी तीन भागांची होती, कारण उष्ण पाण्यात खुद्द गोदीच्या तळालाही वाढ चढते आणि तिला उचलायला दुसरी गोदी नसते. टोकाचा भाग सुटा करून उरलेल्या गोदीवर उचलायचा आणि त्याचा तळ साफ करायचा. मॉडेलमध्ये मधला भाग २७५ मिमी आणि टोकाचे दोन ८०-८० मिमी घेतले. सांधे मुद्दाम दिसते ठेवले. पुट्टीने बुजवले तर या रचनेचे सारच जाईल.

साहित्य: तळपेटीला २ मिमी स्टायरीन (प्लास्टिक) शीट, भिंतींना १.५ मिमी. तळपेटीची उंची १६ मिमी, भिंतींची जाडी १५ मिमी, तळपेटीच्या वर भिंत ३६ मिमी. आत दर ४० मिमीवर आडव्या पट्ट्या.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. पेटी सगळीकडून बंद केली की पातळ सिमेंटची (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रावाची) वाफ आत कोंडते आणि शीट हळूहळू मऊ पडत राहते. दोन-तीन आठवड्यांनी भिंत आत ओढलेली दिसते, तोवर रंगही झालेला असतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक कप्प्याला खालून ३ मिमीचे भोक पाडायचे, आतल्या पट्ट्यांनाही पाडायचे आणि सिमेंट ब्रशच्या टोकाएवढेच लावायचे.

११ जून : कीलचे ठोकळे, आणि जहाज गोदीत बसते कसे

या नोंदीला जागा जास्त लागेल, कारण ठोकळ्यांची मांडणी चुकली तर वरचे सगळेच खोटे ठरते.

जहाज येण्याआधी त्याचा डॉकिंग नकाशा येतो. कील (तळाचा मधला कणा) कुठे सरळ आहे, कुठून वर वळते, जहाज ढकलणारे पंखे आणि सुकाणू कुठे आहेत, तळातली समुद्राच्या पाण्याची तोंडे कुठे आहेत, हे त्यात असते. त्यावरून मधल्या रेषेत लाकडी ठोकळ्यांच्या चवडी रचतात. खाली कठीण लाकूड आणि माथ्यावर मऊ लाकडाची फळी. मऊ फळी थोडी दबते आणि भार सगळ्या ठोकळ्यांवर वाटला जातो. पाण्याच्या तोंडाखाली ठोकळा आला तर झडप साफ करता येत नाही, शिवाय तेवढ्या जागी रंगही लागत नाही. म्हणून पुढच्या खेपेला ठोकळे थोडे सरकवून मांडतात.

मग गोदीच्या कप्प्यांत पाणी घेऊन ती बुडवतात. भिंतींचे माथे तेवढे वर राहतात आणि जहाज दोरांनी ओढून आत घेतात. जहाज सरळ तरंगत असले पाहिजे. मागचा भाग खाली झुकलेला असेल तर आधी कोळसा किंवा पाणी हलवून ते समतोल करतात, नाहीतर कीलचे मागचे टोक आधी टेकते आणि सगळा भार एकदोन ठोकळ्यांवर येतो. मधली रेषा जुळली की पंप सुरू होतात आणि गोदी वर येऊ लागते.

सगळ्यात नाजूक वेळ कील टेकू लागते तेव्हाची. पाण्याचा आधार कमी होत असतो आणि ठोकळ्यांचा पुरता मिळालेला नसतो, त्यामुळे जहाज कलंडायला सोपे असते. अशा वेळी पंप थोडे थोपवून दोन्ही बाजूंनी भिंतीपासून जहाजाच्या अंगापर्यंत लाकडी वासे ठोकतात आणि बगलेचे ठोकळे साखळ्यांनी आत ओढतात. डाव्या-उजव्या कप्प्यांतले पाणी सारख्या वेगाने उपसले गेले नाही तर गोदीच झुकते. अशा यंत्रात थोडक्या दुर्लक्षाला मोठी किंमत असते. मे १९१० मध्ये ड्युई स्वतःच ओलोंगापोला बुडाली आणि जूनच्या अखेरीस तिला पुन्हा तरंगवले. मॉडेलचा काळ त्याच्या काही महिने आधीचा आहे.

मॉडेलमध्ये ठोकळे ४ × ४ मिमी, उंची ४ मिमी. दोन ठोकळ्यांमध्ये ४ मिमी अंतर. माथ्यावरची फळी वेगळी, ०.५ मिमी जाडीची आणि फिकट रंगाची. बगलेचे वासे बांबूच्या काड्या तासून १ मिमी गोल, दर बाजूला सहा. वासे आडवे किंवा जहाजाकडच्या टोकाला किंचित चढते असावेत. खाली उतरते लावले तर ते जहाजाला आधार देत नाहीत, निसटतात. हे ज्याला ठाऊक आहे त्याचे लक्ष आधी तिथेच जाते.

१९ जून : पाऊस लागला

सुपरग्लूच्या सांध्यांभोवती पांढरी धूळ बसू लागली आहे. ग्लूची वाफ दमट हवेत पटकन घट्ट होऊन आजूबाजूला बसते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात हे होणारच. बारीक भागांसाठी पांढरा गोंद किंवा दोन भागांचा इपॉक्सी वापरायचा. सुपरग्लू लागलाच तर सुईच्या टोकाने लावून लगेच पंख्याच्या हवेत ठेवायचे.

ओलोंगापोलाही असाच नैऋत्य मोसमी पाऊस. तिथल्या कोठारात चामडे, पुस्तके, बंदुकीच्या दस्त्याचे लाकूड यांवर बुरशी चढायची. बंदुकीची नळी पुसून तेल लावणे हे रोजचे काम असायचे, तपासणीपुरते नव्हे.

२४ जून : डिकेटर

पाच बेनब्रिज वर्गाच्या डिस्ट्रॉयर (बेनब्रिज, बॅरी, चॉन्सी, डेल, डिकेटर) डिसेंबर १९०३ मध्ये अमेरिकेहून निघून सुवेझमार्गे एप्रिल १९०४ मध्ये मनिला उपसागरावरच्या कॅव्हिटेला पोहोचल्या. सुमारे ४२० टनांची जहाजे, कोळशावर चालणारी, चार धुराडी दोन-दोनच्या जोडीत, दोन ३ इंची तोफा, सहा पौंडी गोळ्याच्या पाच तोफा, दोन १८ इंची टॉर्पेडो नळ्या. जुलै १९०८ मध्ये चेस्टर निमिट्झ या तरुण अधिकाऱ्याच्या हाती असताना डिकेटर बतांगासला चिखलात रुतली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात हेच पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख झाले.

सांगाडा शिवणीच्या लाकडाचा. धागे सरळ, कोरायला मऊ आणि वाळलेले लाकूड सहसा वाकत नाही. रुंदी २०.५ मिमी. सँडिंग सीलरचे तीन हात, प्रत्येक हातानंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर. धुराड्यांना पितळी नळ्या. रंग सगळीकडे करडा, कारण १९०९ पासून अमेरिकन नौदलाने पांढरा-पिवळसर रंग सोडला होता. पाण्याखाली लाल.

तळाचा रंग दोन कामांसाठी दोन प्रकारचा असतो. आधी गंजरोधक, त्यावर वाढरोधक. गंजरोधक थर नीट नसेल तर वाढरोधकातले तांब्याचे किंवा पाऱ्याचे क्षार थेट पोलादाला लागतात आणि पत्र्याला खड्डे पडतात. म्हणून जिथे खरवडताना पोलाद उघडे पडते, तिथे आधी पहिल्या रंगाचे ठिगळ द्यायचे. त्या काळी नौदलाचा एक रंग चपड्यावर (शुद्ध केलेल्या लाखेवर) आधारलेला होता. स्पिरिट उडाले की लगेच सुकतो, त्यामुळे एका दिवसात दोन हात होतात आणि गोदी लवकर मोकळी होते. जगातला बहुतेक चपडा तेव्हा भारतातून जायचा.

१ जुलै : तळाची वाढ

गोदी वर येत असताना सुटीचे कुणी नसते. पाणी उतरू लागले की माणसे लहान तराफ्यांवरून जहाजाभोवती फिरत लांब दांड्याच्या झाडूंनी अंग घासतात. वाढ ओली असताना शेवाळ आणि गवतासारखे तंतू सहज निघतात. ऊन लागून सुकली की तीच वाढ सिमेंटसारखी धरते आणि मग तासणीशिवाय सुटत नाही. बार्नॅकल (पत्र्याला घट्ट चिकटणारे कवचाचे प्राणी) ओले असतानाही सुटत नाहीत. ते पत्र्याच्या चौकोनी तासण्यांनी काढावे लागतात आणि त्यांची गोल पांढरी बैठक मागे राहते. ती घासून काढली नाही तर नवा रंग तिच्यासकट पापुद्र्याने निघतो. गोदीच्या फरशीवर पडलेला राडा त्याच दिवशी धुवून टाकावा लागतो, नाहीतर दुपारपर्यंत कुजून जवळ उभे राहवत नाही.

हे काम मुख्यतः फिलिपिनो कामगारांच्या अंगावर होते. एप्रिल १९०१ च्या आदेशाने ५०० फिलिपिनोंना नौदलात भरती करायला परवानगी मिळाली होती. गोदीवरचे रोजंदारीचे कामगार त्यात धरलेले नाहीत. मॉडेलमध्ये फरशीवरची बहुतेक माणसे हीच असतील. रुंद काठाच्या गवती टोप्या, उघडे पाय, हातात तासणी. गणवेशातली माणसे थोडी आणि वर भिंतीच्या माथ्यावर.

मॉडेलवर वाढ कशी दाखवायची? मीठ भुरभुरून खडबडीतपणा दाखवायची युक्ती या दिवसांत चालत नाही. मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते आणि रंगावर ओघळ येतात. खसखस मोठी पडते. एक दाणा १:३५० ला फूटभराचा बार्नॅकल होईल. मलमलीतून चाळलेली पांढरी रांगोळी नेमकी बसते. पाणी घातलेला पांढरा गोंद ब्रशने लावायचा, वरून रांगोळी भुरभुरायची, सुकल्यावर जास्तीची फुंकून टाकायची. मग पातळ हिरवट-तपकिरी रंग वरून खाली ओघळू द्यायचा. दाटी सगळीकडे सारखी नको. पाण्याच्या रेषेखाली हिरवे शेवाळ, खाली बार्नॅकल, आणि सुकाणूच्या खाचा, पंख्यामागची जागा, मागच्या खेपेस ठोकळ्याखाली राहिलेले रंगहीन चौकोन इथे सगळ्यात दाट. डाव्या अंगाचा पुढचा अर्धा भाग साफ केलेला दाखवायचा, म्हणजे काम कुठवर आले ते कळते.

८ जुलै : गोदीतल्या जहाजावरचे जिणे

गोदीत उचललेले जहाज राहायला वाईट. बॉयलर विझवलेले, म्हणून वाफेवरचे हवेचे पंखे बंद आणि समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारे यंत्रही बंद. तळातली तोंडे उघडी असल्याने समुद्राचे पाणी आत घेता येत नाही, आग विझवायचे पाणी गोदीच्या नळातून होजने आणावे लागते. शौचालये कुलूपबंद, सगळ्यांना गोदीवरच्या किंवा काठावरच्या शौचालयात जावे लागते. स्वयंपाकघराचे सांडपाणी बादलीने उतरवायचे, कारण वरून सोडले तर ते खाली तळ रंगवणाऱ्यांच्या अंगावर. लोखंडी डेकवर दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही, म्हणून जहाजावर कनातीचे छत ताणतात.

मॉडेलसाठी यातून निघालेल्या वस्तू: भिंतीवरून जहाजाकडे जाणारी फळीची वाट, दोन होज (०.४ मिमी शिशाची तार), छताला चहाच्या गाळणपिशवीचा कागद गोंदपाण्यात बुडवून, आणि बादल्या. ०.६ मिमी तारेचे तुकडे बादल्या म्हणून पुरतात.

१४ जुलै : कोळसा

कोळशाचा ढीग रचायलाही नियम आहे. ओलसर कोळसा खोल ढिगात आतून तापतो. हवा आत शिरते पण उष्णता बाहेर पडत नाही, गंधक असलेला आणि चुऱ्याचा कोळसा तर लवकर तापतो. उष्ण कटिबंधात सुरुवातीचे तापमानच जास्त, त्यात रोजचा पाऊस. म्हणून छपराखाली साठवण, ढिगाची उंची मर्यादित, आणि मध्ये खुपसलेल्या लोखंडी नळ्यांत थर्मामीटर सोडून रोजची नोंद. तापमान चढू लागले की तो भाग उकरून आधी वापरायचा. वर पाणी मारून उपयोग होत नाही. पाणी वरचा थर बसवते आणि आग आत चालूच राहते.

लाकडी कोळसा कुटून दोन चाळण्यांमधला भाग घेतला, बारीक रव्याएवढा. शेगडीतली राख त्यात असू नये, ढीग करडा दिसतो. गोंदपाणी टाकताना त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, नाहीतर थेंब पुडीवरून घरंगळतो. ढिगात सहा नळ्या, ०.५ मिमी पितळी तार, प्रत्येक १० मिमी वर आलेली.

धक्क्याच्या खांबांना पाण्याच्या रेषेशी बारीक केले आहे. उष्ण समुद्रातला पोखरकिडा लाकूड आतून खातो, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात झीज आधी दिसते. कोकणातल्या सुतारांना हे सांगायला नको.

२२ जुलै : बराकीची पेटी, १:७२

जमिनीपासून उचललेली लाकडी खोली, निपा पामचे छप्पर, जोडलेली लांब पडवी. छपराला काथ्या १२ मिमी तुकड्यांत कापून खालून वर थर देत लावला. वरून खाली लावला तर पाणी आत वाहणारे छप्पर होते.

खिडक्यांना काचेऐवजी कॅपिझ शिंपल्याचे पातळ चौकोन लाकडी जाळीत बसवलेले असत. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत तोच शिंपला आहे. उजेड येतो, ऊन टोचत नाही. ट्रेसिंग पेपरवर १.१ मिमीची जाळी गडद तपकिरी पेनाने आखली, मागून दुधी रंगाचा एक फिका हात.

आत लोखंडी खाटा २६ मिमी लांब, प्रत्येकीवर मच्छरदाणी. दिवसा ती गुंडाळून वर बांधलेली असते. सोडलेली दाखवायची तर पेटीतली वेळ रात्रीची हवी. मच्छरदाणी हा इथे सवयीचा भाग झाला होता. हिवतापावर क्विनाइन होते. डेंग्यूवर औषध नव्हते. १९०७ मध्ये मनिलाजवळ लष्करी डॉक्टर ॲशबर्न आणि क्रेग यांनी दाखवून दिले की त्याचे कारण अतिबारीक गाळणीतूनही पार होते, म्हणजे ते जिवाणूंहूनही लहान आहे.

रॅकमध्ये १९०३ नमुन्याच्या स्प्रिंगफील्ड रायफली, प्रत्येकी १५ मिमी. टोप्यांकडे लक्ष: बाजारातल्या मूर्तींना चार बाजूंनी दाबलेला उंच माथा असतो. तो मरीनमध्ये १९१२ पासून आला. १९१० साठी पुढून मागे एकच घडी हवी. पुट्टीने माथा भरून सुरीच्या पाठीने घडी पाडली.

कॅनव्हासची लटकती पाण्याची पिशवी बऱ्याच संदर्भचित्रांत दिसते. ती काही वर्षांनंतरची आहे. इथे उकळलेल्या किंवा गाळयंत्राच्या पाण्याचे झाकणबंद पिंप हवे, खाली तोटी. झाकण उघडे दाखवू नये.

२९ जुलै : जेवण

ताजे मांस इथे मिळणे कठीण. गोठवलेले गोमांस ऑस्ट्रेलियाहून ग्लेशियर आणि सेल्टिकसारख्या शीतजहाजांनी येई. गोदी ओढून आणणारी ग्लेशियर हीच. जहाजाला उशीर झाला की डब्यातले मांस, खारे डुकराचे मांस आणि बिस्किटे. पाव ठाण्यावरच भाजला जाई. दमट पिठात किडे होतात, म्हणून पिंपे रचताना जुनी पुढे.

फिलिपिनो स्काउट (अमेरिकन लष्करातल्या स्थानिक सैनिकांच्या) पलटणींची गोष्ट याहून गंभीर होती. त्यांच्या शिध्यात कोंडा काढून पॉलिश केलेला पांढरा तांदूळ होता आणि बेरीबेरीने (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाच्या रोगाने) माणसे पडत. १९१० मध्ये चेंबरलेन आणि व्हेडर या लष्करी डॉक्टरांच्या कामानंतर कमी पॉलिश केलेला तांदूळ आणि कडधान्ये दिली, आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. पेटीतल्या कोठारात तांदळाची पोती म्हणून दोन रंग ठेवले आहेत, पांढरट आणि तांबूस. बाजूच्या पट्टीत याचा उल्लेख एका वाक्यात.

६ ऑगस्ट : पाणी ओतणे

गोदीभोवतीचे पाणी इपॉक्सी रेझिनचे. पॉलिएस्टर रेझिन नको, ते स्टायरीन खाते. खालच्या बोर्डाला आधी निळसर-हिरवा रंग, काठाकडे तपकिरी. पावसाळ्यात डोंगरातून येणाऱ्या मातीने उपसागराचा काठ गढूळ असतो. थर ३ मिमीचे, दोन थरांत एक दिवस. जाड ओतले तर आतून तापून तडा जातो आणि स्टायरीनची भिंत वाकते. गोदीच्या खालची ३ मिमीची भोके आधी टेपने बंद करावी, नाहीतर रेझिन आत शिरते.

दमट हवेत इपॉक्सीवर चिकट पांढुरकी साय येते. पुसून जात नाही. कोमट पाण्यात साबण घालून धुवायची, सुकवायची, ८०० नंबरने घासून वर शेवटचा पातळ थर. खोलीत डिह्युमिडिफायर नसेल तर बोर्डावर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालून आत साठ वॉटचा दिवा लावायचा, रेझिनपासून फूटभर लांब.

१४ ऑगस्ट : माणसे आणि पट्ट्या

फरशीवर ३४ माणसे, त्यातली २६ फिलिपिनो कामगार. भिंतीच्या माथ्यावर पंपचालक, डॉकमास्टर आणि दोन मरीन पहारेकरी. माणसांना ओळीत उभे करायचे नाही. तासणीवाले जहाजाच्या अंगाला चिकटून, रंगवाले त्यांच्यामागे, झाडूवाले फरशीवर.

नावाच्या पट्टीवर गोदीचा पुढचा प्रवास तीन ओळींत: १९४१ पर्यंत ओलोंगापो, मग बतानमधले मारिव्हेलेस, आणि एप्रिल १९४२ मध्ये जपानी हाती पडू नये म्हणून अमेरिकनांनीच बुडवली.

काचेच्या पेटीत २०० ग्रॅम सिलिका जेल, खालच्या खणात, समोरून न दिसेल असे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून मंद भट्टीत वाळवायचे. काच पूर्ण बंद करू नये. मागे १० मिमीच्या दोन फटी ठेवून त्यांवर मलमल लावावी, नाहीतर ताज्या इनॅमलची वाफ आतच राहून स्वच्छ काच धुरकट होते.